आई कुणाकडे असते?

गृहपाठ साधा होता. घरातल्या एका माणसाचा फोटो आणायचा आणि त्याच्याबद्दल माओरीत, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या भाषेत, चार वाक्यं बोलायची. मी आईचा फोटो नेला होता. वाईच्या घराच्या ओट्यावर बसून ती पावटे सोलतेय, मांडीवर सूप आहे, आणि कॅमेऱ्याकडे न बघताच ‘आता पुरे गं’ असं काहीतरी म्हणतेय. चार वाक्यं गाडी चालवताना पाठ केली होती. माझी पाळी आली तशी उभी राहिले, फोटो वर धरला आणि म्हटलं, “को तेनेइ ताकू मामा.” ही माझी आई. माओरीत आईला ‘मामा’ म्हणतात यावर आमच्या घरी आधीच पोटभर हसून झालं होतं, त्यामुळे त्या शब्दाला मी अडखळले नाही. अडखळल्या त्या आमच्या बाई. वर्गात त्यांना सगळे ‘फाएआ’ म्हणतात. फाएआ म्हणजे आई, मावशी, आणि शिकवणारी बाईही. सत्तरी ओलांडलेल्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, गळ्यात हिरव्या दगडाचा लोलक. त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढून फोटो पाहिला, मग मला पाहिलं. “ताकू? म्हणजे हिला तू जन्माला घातलंस की काय?”

वर्ग हसला, मीही हसले. “तोकू मामा,” त्या म्हणाल्या, आणि पुढच्याकडे वळल्या.

एवढंच झालं. ऑकलंडच्या पापाटोएटोए भागातल्या त्या शाळेच्या खोलीत दर मंगळवारी संध्याकाळी याहून मोठ्या चुका होतात आणि माइलोच्या कपात बिस्किटासारख्या विरघळूनही जातात. पण ही विरघळली नाही. पार्किंगमध्ये पाऊस लागला होता, गाडीत बसून काच पुसता पुसता मला तेच ऐकू येत होतं. कारण त्या दिवशी सकाळी मी आईला न्हाऊ घातलं होतं. तिच्या विरळ केसांची वेणी घालताना ‘मान खाली, हलू नकोस’ असं मी ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज माझा नव्हताच, चाळीस वर्षांपूर्वीचा तिचा होता. ती भारतातून येऊन तीन आठवडे झाले होते. आल्या आल्या गॅसची बटणं काढून वरच्या फळीवर ठेवावी लागली होती. फाएआंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या व्याकरण सांगत होत्या.

घरी आले आणि कणीक मळताना उजळणी सुरू केली. तोकू मामा, तोकू मामा. आई जेवणाच्या टेबलाशी बसून रुमालाच्या घड्या घालत होती आणि मोडत होती. तिनं मान वर केली. “कुठला मामा? अण्णामामा आला की काय?” अण्णामामाला जाऊन बारा वर्षं झाली. मी म्हटलं, नाही गं, अभ्यास करतेय. पण तोवर ती साताऱ्याच्या एस्टी स्टँडवर पोचली होती. अण्णा येताना कंदी पेढे आणतो, पण ते तुमच्या बाबांच्या हातात देतो, माझ्या नाही, हे कसं काय, असा तिचा जुना दावा होता. तो तिनं पुन्हा एकदा मांडला, अगदी सगळ्या पुराव्यांनिशी. कालची भाजी तिला आठवत नाही, पेढ्यांचा पुडा कुणाच्या हातात गेला ते पक्कं आठवतं.

तर हे ताकू आणि तोकू. दोन्हीचा अर्थ माझा, माझी, माझं. माओरीत सगळं ‘माझं’ दोन पेट्यांत विभागलेलं आहे, एक ‘आ’ची पेटी आणि एक ‘ओ’ची. पहिल्याच महिन्यात फाएआंनी फळ्यावर मधोमध रेघ मारून दोन रांगा लिहिल्या होत्या. ‘आ’च्या बाजूला मुलं, नातवंडं, नवरा, बायको, जेवण, पुस्तक, कुत्रा, आपण करतो ते काम. ‘ओ’च्या बाजूला आईवडील, आजी-आजोबा, भाऊ-बहिणी, घर, कपडे, हातपाय, मन, होडी, घोडा, औषध, प्यायचं पाणी. कुत्रा एकीकडे आणि घोडा दुसरीकडे का, असं कुणीतरी विचारलंच. घोडा तुला पाठीवर घेतो, कुत्र्याला तू घेतोस, हे उत्तर. मोटारही घोड्याच्याच रांगेत बसते. फाएआंची गुरुकिल्ली सोपी होती. जे तुला सांभाळतं ते ‘ओ’, ज्याला तू सांभाळतेस ते ‘आ’. मेरे नावाच्या बाईचं गाणं असं सांगायचं असेल तर ‘ते वाइआता आ मेरे’ म्हणजे मेरेनं रचलेलं किंवा गायलेलं, आणि ‘ते वाइआता ओ मेरे’ म्हणजे मेरेवर रचलेलं. एका स्वरानं मेरे गाण्याच्या आतून बाहेर येते. मला हे फार आवडलं होतं. वहीत मी दोन रंगांच्या पेनांनी याद्या केल्या होत्या, आणि बोलायची वेळ आली तेव्हा आईला खुशाल पुस्तक आणि कुत्र्याशेजारी नेऊन बसवलं.

नात्यांच्या शब्दांनी माओरीत मला आधी गंडवलं ते वेगळ्याच कारणानं. आत्या, मावशी, काकू, मामी या आपण किती निगुतीनं वेगवेगळ्या ठेवतो, आणि इथे सगळ्या एका ‘फाएआ’त मावतात. उलट भावंडांच्या बाबतीत आपण जे बघतच नाही ते हे लोक बघतात. बहिणीची थोरली बहीण आणि भावाचा थोरला भाऊ यांना एकच शब्द, ‘तुआकना’, पण बहिणीच्या भावाला वेगळा, ‘तुंगाने’, मग तो थोरला असो की धाकटा. म्हणजे माझा दादा, ज्याचं दादापण आमच्या घरात देव्हाऱ्याइतकं ठाम, तो इथे नुसता तुंगाने. आणि बायकोला ‘वहिने’ म्हणतात. ‘ताकू वहिने’ म्हणजे माझी बायको. हा निव्वळ योगायोग आहे, या शब्दाचा आणि आपल्या वहिनीचा काही संबंध नाही, पण दादाला फोनवर हे सांगितल्यावर तो दोन मिनिटं गप्प होता.

नवरा-बायको ‘आ’च्या रांगेत का, यावर वर्गात एका संध्याकाळी बराच काळ वाद झाला. माझ्या शेजारची बाई, मूळची टोंगाची, इथे वृद्धाश्रमात रात्रपाळी करते, ती म्हणाली की नवरा मुलं आणि जेवणाबरोबर बसतो हे बरोबरच आहे, तिघांचंही मीच करते. एक तरुण नुकताच लग्न ठरलेला होता, त्याला होणाऱ्या बायकोला ‘ताकू’ म्हणणं जरा मालकी सांगितल्यासारखं वाटत होतं. फाएआ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “मी ताकू ताने म्हणतच नाही. मी तोकू होआ म्हणते.” ताने म्हणजे नवरा, होआ म्हणजे सोबती. मित्रालाही होआ म्हणतात, आणि नवऱ्याला किंवा बायकोला मानानं म्हणायचं तर होआ रंगतिरा. होआ ‘ओ’ घेतो. म्हणजे तोच माणूस, त्याच घरात, त्याच खुर्चीत, ताने म्हटलं की एका पेटीत आणि होआ म्हटलं की दुसऱ्या. मुलांचंही तसंच. तमरिकी म्हणजे मुलं, ती ‘आ’ची. पण उरी म्हणजे वंशज, ते ‘ओ’चे. रक्त तेच, शब्द बदलला की पेटी बदलते. त्या रात्री माझ्या दोन रंगांच्या यादीत पहिल्यांदा खाडाखोड झाली.

मला आमची आजी आठवली. आजी जन्मात कधी ‘माझा नवरा’ म्हणाली नाही. ‘आमचे हे’, ‘आमच्या घरून’, ‘बंडूचे वडील’. नाव फक्त उखाण्यात, तेही महादेवाच्या पिंडीआड किंवा चांदीच्या ताटाआड दडवून. एका बाईचा एकच नवरा, पण ‘आमचे’. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ‘माझं’ हा शब्द तिनं मोजक्या गोष्टींसाठी राखला होता. माझी जपमाळ, माझा डबा (पितळेचा, फिरकीचा, त्यात काय असायचं ते कुणालाच कळलं नाही), आणि नातवंड मांडीवर असलं की ‘माझं बाळ ते’. आजीच्या बोलण्यातही दोन पेट्या होत्याच की. कुणी फळ्यावर रेघ मारून शिकवल्या नव्हत्या, आणि आजी जिथे रेघ मारत होती तिथे मी आता मारत नाही. मी नवऱ्याला नावानं हाक मारते, ‘माझा नवरा’ बिनदिक्कत म्हणते, आणि आमची मुलगी इंग्रजीत एकाच ‘माय’मध्ये आम्हाला, मांजराला आणि हेडफोनला कोंबते.

याच दिवसांत एकदा दादाचा पुण्याहून फोन आला. औषधांच्या पावत्या, विमा, बँकेची सही असलं सगळं बोलून झाल्यावर म्हणाला, “बरं, आई मार्चपर्यंत तुझ्याकडे. मग माझ्याकडे. दिवाळीनंतर बघू.” मी ‘हो’ म्हटलं, फोन ठेवला, आणि कोथिंबीर निवडायला घेतली. दोन-तीन काड्या निवडल्या असतील, आणि हात थांबला. तुझ्याकडे. माझ्याकडे.

मराठीत ‘मला आई आहे’ असं आपण म्हणतो. मला दोन भाऊ आहेत. मला मुलगी आहे. मला डोळे आहेत, मला ताप आहे. पण ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ म्हणून पाहा. ऐकणारा विचारेल, का, त्यांच्या घरी रंगकाम चाललंय का? माझ्याकडे गाडी आहे, माझ्याकडे सुट्टे आहेत, माझ्याकडे किल्ली आहे. जे ठेवता येतं, देता येतं, हरवू शकतं, ते ‘कडे’. रक्ताची माणसं आणि अंगाचे अवयव ‘ला’. कुठल्या शाळेत हे शिकवत नाहीत, पण चार वर्षांचं पोरही यात चुकत नाही. मी इतक्या हौसेनं दुसऱ्यांच्या पेट्या मोजत होते आणि स्वतःच्या घरातल्या दिसल्या नव्हत्या. आणि त्याहून बोचलं ते हे की आईबाप म्हातारे झाले की आपण त्यांना हळूच या पेटीतून त्या पेटीत हलवतो. लग्नकार्यात, रेल्वेच्या डब्यात, सोसायटीच्या बाकावर, पन्नाशीतली माणसं एकमेकांना काय विचारतात? आई असते का? बरं, कुणाकडे असते? प्रश्न मायेनंच विचारतात. मीही विचारलाय, कितीतरी जणांना. पण ती कुणाला आई आहे हे कुणी विचारत नाही, ती कुणाकडे आहे हे विचारतात. किल्लीसारखं.

मग मला वाटलं की माझी ती चूक नसेलच. जे तुला सांभाळतं ते ‘ओ’, ज्याला तू सांभाळतेस ते ‘आ’. आता मी तिला सांभाळते. जेवू घालते, अंगठ्यानं गोळी मोडून दह्यात घालून देते, रात्री तीनदा उठून दार बघते. म्हणजे माझी जीभ माझ्यापेक्षा शहाणी निघाली, तिनं नकळत बरोबर पेटी उघडली. हा विचार मला इतका आवडला की पुढच्या मंगळवारी चहाच्या सुट्टीत मी तो शेजारच्या टोंगन बाईला सांगितला. डोळ्यांत थोडं पाणीही आणलं असेल. तिनं बिस्किट खाऊन संपवलं आणि म्हणाली, “पण आमच्यात तर तू पहिल्यापासून बरोबरच आहेस.”

टोंगन ही माओरीची चुलत बहीण. तिच्यातही दोन पेट्या आहेत, एक ‘एकू’ची आणि एक ‘होकू’ची, आणि त्या माओरीच्या ‘आ’ आणि ‘ओ’शी जुळतात. घर, हात, भाऊ-बहीण ‘होकू’. पण आई आणि बाप? एकू फाए, एकू तमाइ. दोघंही ‘आ’च्या बाजूला. आणि मुलगा? होकू फोहा. मुलगी, होकू ओफेफीने. ‘ओ’च्या बाजूला. उलटंच! बाईनं पोटच्या पोराला ‘तमा’ म्हटलं तर मात्र एकू. मी म्हटलं, असं कसं, तुमच्याकडे आईबापांना लहानपणापासून मुलं सांभाळतात का? ती खो खो हसली. “आमच्याकडे आईबापांपुढे तू तोंड उघडून दाखव.”

तिचं म्हणणं खरं की खोटं हे तपासायला एक साधन आयतं होतं. आमचा वर्ग सुरू होताना प्रार्थना होते, कधी जुनी माओरी, कधी ख्रिस्ती. पाचगणीला मिशनच्या शाळेत मी सात वर्षं रोज सकाळी तीच म्हटली आहे. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या.’ माओरीत ती सुरू होते ‘ए तो मातोउ मतुआ इ ते रंगी’ अशी. ‘तो’, म्हणजे बाप ‘ओ’चा. हवाईच्या भाषेत ‘ए को माकोउ मकुआ’, तिथेही ओ. सामोअनमध्ये ‘लो मातोउ तमा’, ओ. आणि टोंगनमध्ये ‘को एमाउ तमाइ’, सरळ सरळ ‘आ’ची पेटी. शेजारणीनं हे सगळं कागदी रुमालावर लिहून दिलं, तो अजून माझ्या वहीत आहे, माइलोच्या डागासकट. एकच बाप, एकच स्वर्ग, एकाच महासागरातली बेटं, आणि ‘आमच्या’ म्हणताना टोंगा वेगळ्या बाजूला उभं. एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत. आपल्यासारखंच या भाषांनाही ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे लागतात, आणि देवापुढे सगळ्यांनी ‘आम्ही’च घेतलंय. ‘आपल्या पित्या’ म्हटलं तर देवाचाही कुणी बाप काढल्यासारखं होईल.

त्याच प्रार्थनेत पुढे रोजची भाकर मागायची ओळ आहे. ‘हे तरो मा मातोउ मो तेनेइ रा.’ भाकरीसाठी इथे शब्द घातलाय तरो, म्हणजे अळकुडी. आमच्यासाठी अळकुडी, आजच्या दिवसासाठी. आमच्यासाठी ‘मा’, कारण खायचं ते ‘आ’चं, आणि दिवसासाठी ‘मो’. एकाच ओळीत दोन्ही पेट्या उघडतात आणि बंद होतात. अळकुडीवरून आठवलं, ओटाराच्या शनिवारच्या बाजारात मी ज्या फिजीच्या बाईकडून अळकुड्या घेते तिच्या भाषेत याहून बारीक कारभार आहे. विकायला मांडलेला ढीग तो नोंगू न्दालो, माझी अळकुडी. त्यातलीच एक घरी नेऊन उकडली, ताटात घेतली, की ती केंगू न्दालो. प्यायच्या गोष्टींना आणखी तिसरा, मेंगू. आणि बापाला यातलं काहीच लागत नाही. तमांगू, माझा बाप. तमामू, तुझा. तमाना, त्याचा. ‘माझा’ हा बापाच्या शेपटालाच चिकटलेला, सोडवून वेगळा ठेवता येत नाही. ती सांगत होती तेव्हा मागे कुणीतरी कोंबड्यांच्या पिंजऱ्यावर ताडपत्री ओढत होतं आणि तळलेल्या पाववड्यांचा वास सगळ्या बाजारभर पसरला होता. मी दोन किलो घेतल्या. आईला अळकुड्या आवडतात, चिंच-गूळ घालून.

या पेट्यांचं कोडं सोडवायला मोठमोठी माणसं बसलेली आहेत. ऑकलंडचे भाषातज्ज्ञ ब्रूस बिग्ज सांगत की ज्याच्यावर माझा वरचष्मा ते ‘आ’, ज्याचा माझ्यावर ते ‘ओ’. हवाईच्या विल्यम विल्सन यांनी १९८२ साली ते जरा फिरवून मांडलं. आत्ता हुकूम कुणाचा चालतो हे बघू नका, ते नातं सुरू कुणी केलं ते बघा. नवरा मी निवडला, मूल मी जन्माला घातलं, पण आईबाप आणि भाऊ मला न विचारता मिळाले. हे मला जास्त पटलं. फाएआ थट्टेत जे बोलल्या होत्या ते जवळजवळ हेच. म्हातारपण, आजार, कोण कुणाला भरवतं, यानं काही हलत नाही. सुरुवात बघायची. पण मग मित्र? मित्र तर मी निवडते, तरी होआ ‘ओ’चा. आणि टोंगाचा बाप? कुणाचीही किल्ली घ्या, एखादं कुलूप उघडत नाहीच. मला खरं तर कुलूप उघडायचं नव्हतं. मला कुणीतरी लेखी द्यायला हवं होतं, की आईचं जे झालंय ते भाषेत बसतं.

मध्ये काही आठवडे मी पळवाट काढली. ताकू आणि तोकू यांच्या मध्ये एक ‘तकू’ आहे, आखूड अ-चा. तो कुठल्याच पेटीतला नाही, कशालाही चालतो. तकू मामा, तकू कुत्रा, तकू घर. बसस्टॉपवरची शाळकरी पोरं सर्रास तकू म्हणतात, आणि वर्गातली नवशिकी मंडळी तर पेट्यांची सरमिसळ इतकी करतात की फाएआंनी कधीकधी डोळेच मिटून घेतलेले मी पाहिलेत. मी त्यांना विचारलं, याचा राग नाही येत? तेव्हा त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. त्यांच्या आईला शाळेत माओरी बोलली म्हणून छडी बसायची. त्या आईनं मग आपल्या मुलांशी फक्त इंग्रजी बोलायचं ठरवलं, आणि ते पाळलं. १९७२ साली माओरी शाळांतून शिकवावी म्हणून तीस हजारांहून जास्त सह्यांचा अर्ज संसदेला दिला गेला, त्यात एक सही फाएआंची होती. तेव्हा त्यांना स्वतःला धड चार वाक्यं येत नव्हती. १९८२ साली कोहांगा रेओ निघाल्या, म्हणजे भाषेची घरटी, जिथे म्हाताऱ्या आज्या तान्ह्या मुलांशी फक्त माओरी बोलत. पुढे फाएआ धाकट्या लेकीला एका घरट्यात सोडायला जायच्या आणि दाराशी बसून राहायच्या. तीन वर्षांच्या लेकीबरोबर त्या भाषा शिकल्या. “चुकली की ती मला सुधारायची,” त्या म्हणाल्या. “बोट दाखवून.”

म्हणजे भाषा त्यांना लेकीकडून आली. तरी ‘तोकू रेओ’च म्हणायचं. रेओ म्हणजे भाषा, आणि आवाजही. तिची जागा ‘ओ’च्या रांगेत, आजीशेजारी.

आईचं संध्याकाळी जास्त होतं. ऊन उतरलं की तिला घरी जायचं असतं. कुठल्या घरी ते सांगता येत नाही, पण इथल्या नाही. अशा एका संध्याकाळी मी तिला वरणभात भरवत होते. तिनं माझा हात मध्येच धरला आणि बारकाईनं माझ्याकडे बघून विचारलं, “कुणाची गं तू?” वाईच्या गल्लीत अनोळखी पोर दिसली की सगळ्या बायका हेच विचारायच्या. कुणाची गं तू? आम्ही तोंड वर करून बाबांचं नाव सांगायचो आणि मोकळ्या व्हायचो. तेव्हा आम्ही कुणाच्या तरी होतो, आमचं कुणी नव्हतं. ‘माझं’ म्हणण्याचं वय ते नव्हतंच. मी म्हटलं, तुझीच की. तिनं जरा विचार केला. “होय?” म्हणाली. मग, बहुतेक माझी समजूत घालायला, “बरं झालं.” आणि तोंड उघडलं, पुढच्या घासासाठी. माओरीत भरवण्याला ‘फांगाइ’ म्हणतात. आणि नात्यातलं पोर आजीनं किंवा मावशीनं आपल्या घरी वाढवायला घेतलं तर त्या पोरालाही फांगाइच म्हणतात, भरवलेलं. ते पोर कुणाचं हे लपवत नाहीत, जन्मदाते सगळ्यांना माहीत असतात. तो घास देताना हे सगळं माझ्या डोक्यात होतं आणि मला त्याची जरा लाजही वाटली. वरण निवत होतं.

सत्र संपलं तेव्हा प्रत्येकानं घरून काहीतरी करून आणायचं होतं आणि घरचं माणूसही. मी बटाटेवडे केले आणि आईला आणलं. इरकली नेसवली, वर माझं जाड जाकीट. हॉलमध्ये रताळी, उकडलेल्या अळकुड्या, नारळाच्या दुधातला कच्चा मासा, फॉइलमध्ये गुंडाळलेली कोंबडी. आईनं सगळ्याकडे लग्नघरातल्या पाहुणीसारखं पाहिलं, काय काय मांडलंय ते मोजत. फाएआ समोरून आल्या, तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवलं. मला धाकधूक होती, पण आई मागे सरली नाही. डोळे मिटून घेतले तिनं, देवळात मिटते तसे. मी घसा खाकरून म्हटलं, “फाएआ, को तेनेइ तोकू मामा.” ओ अगदी लांब आणि स्वच्छ. फाएआंनी मान डोलावली, जुनी थट्टा त्यांच्या लक्षातही नसावी. मग माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी आईला इंग्रजीत विचारलं, ही कोण तुमची? मी मराठीत सांगणार एवढ्यात आईला कळलंच. पदर सारखा करत ती हसली, यजमानीणबाईंनी घरातल्या एखाद्या गुणी माणसाबद्दल बोलावं तशी.

“ही ना? ही आमच्याकडेच असते.”

काय म्हणाल्या, फाएआंनी मला विचारलं. मी वड्यांची ताटली पुढे केली आणि म्हटलं, आधी हे खाऊन बघा, गरम आहेत तोवर.